डब्ल्यूडीएम-२ मध्ये आवाज बसवताना

मॉडेल आगगाडीच्या छोट्या इंजिनात साउंड डिकोडर, म्हणजे मोटर चालवणारं आणि आवाज काढणारं चिमुकलं सर्किट, बसवलाय म्हटलं, की लोक आधी विचारतात कुठल्या कंपनीचा, आणि मग केवढ्याला पडला. स्पीकर कुठं बसवला, त्याला पेटी कसली केली, पेटीत हवा किती राहिली, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते विचारायचं ते हेच. तारा जोडायला रंग ओळखता आले आणि हात स्थिर असला की पुरे. आवाज ठरतो पेटीत.

मी सांगलीत खणभागात मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो. पाण्याचे पंप, पंखे, मिक्सर, गिरणीच्या मोटारी हा रोजचा धंदा. आगगाड्यांचं टेबल माडीवर आहे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हापासून खालच्या मजल्यावर मी नाजूक काही ठेवतच नाही. टेबलावर किर्लोस्करवाडीच्या वळणाचं एक स्टेशन आहे, एक लूप लाइन, एक साइडिंग, मागं ऊस. रूळ एचओ मापाचे, म्हणजे १:८७, दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, तिला ८७ ने भागलं तर १९ च्या पुढं यायला हवं. त्यामुळं भारतीय इंजिनाचं अंग रुंद आणि चाकं जराशी आत घेतलेली दिसतात. काहींना ते फार खटकतं. मला खटकत नाही, कारण मला आधी ऐकायचं असतं.

आणि ऐकायचं ते अल्कोचं. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला आणि पुढं कितीतरी वर्षं त्यावर डिझेलचंच राज्य होतं. डब्ल्यूडीएम-२ हे मूळचं अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं डिझाइन. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिकडून आली, १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात होऊ लागली. खुद्द अल्कोनं १९६९ मध्ये रेल्वे इंजिनं बनवणं बंद केलं, पण आपल्याकडं त्याच १६ सिलिंडरच्या ‘२५१’ मशीनवर पुढच्या पिढ्या निघत राहिल्या. २६०० हॉर्सपॉवरची डब्ल्यूडीएम-२, मग ३१०० ची ३ए, मग ३३०० ची ३डी. आदर्कीच्या घाटात रात्रीच्या वेळी चढणारी गाडी ज्यानं ऐकलीय, त्याला मी वेगळं काय सांगणार? आता मार्गावर तारा आल्या. कोयना आणि महालक्ष्मी विजेच्या इंजिनांवर धावतात. धूर नाही, वेग बरा, झालं ते चांगलंच झालं. पण तो आवाज मोबाइलमध्ये नुसता पडून राहण्यापेक्षा इंजिनाच्या अंगातून यावा, थ्रॉटल फिरवला की चढावा, ब्रेक लावला की उतरावा, ही माझी फार दिवसांची इच्छा होती.

हातात घेतलेल्या इंजिनाचं वरचं अंग रेझिनमध्ये ओतलेलं आहे, आपल्याकडच्याच एका हौशी कारागिराचं काम. खाली जुन्या अमेरिकन सहा ॲक्सलच्या मॉडेलची चासी. खरं इंजिन १७.१२ मीटर लांब, म्हणजे इथं वीस सेंटिमीटरलाही थोडं कमीच. त्यात मधोमध मोटर, तिच्या दोन्ही अंगांना फ्लायव्हील आणि बोगीकडं जाणारे शाफ्ट, वजनासाठी धातूचा ठोकळा. डिकोडर आणि स्पीकर उरलेल्या जागेत.

जुन्या चासीत सगळ्यात महत्त्वाचं काम एकच: मोटर चासीपासून पूर्ण तोडायची. साध्या डीसी मॉडेलमध्ये रुळातला करंट सरळ मोटरला जातो, आणि पुष्कळ जुन्या मॉडेलांत मोटरचा एक ब्रश थेट चासीला टेकलेला असतो. तिथं चासी हीच एक तार. डीसीसी, म्हणजे रुळातूनच डिकोडरला हुकूम पाठवायची डिजिटल पद्धत, तिच्यात तसं चालत नाही. रुळांवर सतत चौदा-पंधरा व्होल्ट असतात, त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटते आणि त्या पालटण्यातच हुकूम दडलेले असतात. मोटरला किती द्यायचं ते डिकोडर ठरवतो. मोटरचं एक टोक जरी रुळाशी जोडलेलं राहिलं, तरी रुळातला करंट डिकोडरच्या आउटपुटमध्ये उलटा घुसतो आणि डिकोडर जागीच जळतो.

माझ्या चासीत हा संबंध मोटरच्या पोटाखाली होता. ब्रशची स्प्रिंग दाबून धरणारी तांब्याची पट्टी असते, तिला खालच्या बाजूला हरभऱ्याच्या डाळीएवढी जीभ काढलेली, आणि ती जीभ चासीच्या खाचेत टेकते. पट्टी काढून जीभ कातरली, कड कानशीनं मारली, खाचेत कॅप्टन टेपचे (उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशन टेपचे) दोन थर दिले आणि त्या पट्टीलाच नारिंगी तारेचा डाग दिला. वरच्या पट्टीला करडी तार. मोटर परत बसवली की मल्टिमीटर बीपवर लावायचा: मोटरचं एक टोक आणि चासी, दुसरं टोक आणि चासी, मग प्रत्येक टोक आणि प्रत्येक चाक. कुठंही बीप येता कामा नये. चाकं हातानं फिरवत परत बघायचं, कारण एखाद्या कोनात फ्लायव्हील तारेला घासतं आणि इन्सुलेशन सोलतं. पाच हॉर्सपॉवरच्या पंपाची मोटर बॉडीला शॉर्ट आहे का हे बघायची जी सवय, तीच इथं कामाला येते. फक्त चिमटा बारीक हवा.

त्याआधी एक गोष्ट करून ठेवावी. मोटर १२ व्होल्टच्या साध्या सप्लायवर चालवून चाकं क्षणभर धरून ठेवायची आणि अँमीटर वाचायचा. मोटर जाम झाली की ती जास्तीत जास्त करंट ओढते, आणि तो आकडा डिकोडरच्या क्षमतेच्या आत हवा. मी लावलेला लोकसाउंड ५ हा डिकोडर मोटरला दीड अँपिअर देऊ शकतो. माझी मोटर एकाच्या आत थांबली. ती दोनच्या घरात गेली असती तर मी तारांना हातच लावला नसता, आधी मोटर बदलली असती.

बाकीच्या तारांचं फार कौतुक नको. लाल उजव्या रुळाकडून, काळी डाव्या. नारिंगी, करडी मोटरला. निळी दिव्यांची सामाईक पॉझिटिव्ह, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या. हे रंग एनएमआरए या अमेरिकन संघटनेच्या ठरावाप्रमाणं आहेत, त्यामुळं कुठल्याही चांगल्या डिकोडरला हेच असतात. स्पीकरच्या तारा माझ्या डिकोडरला तपकिरी आहेत, काही दुसऱ्या कंपन्यांच्या जांभळ्या असतात, तेव्हा कागद वाचल्याशिवाय जोडू नये. एलईडीला रेझिस्टर हवाच. एक किलो-ओहम लावला तर दहा-अकरा मिलिअँपिअर जातात आणि हेडलाइट डोळ्यात खुपतो, म्हणून मी २.२ किलो-ओहम लावतो. डाग चकचकीत यायला पाहिजे. मळकट, दाणेदार दिसला तर तो आतून धरलेला नसतो, आज चालेल आणि श्रावणातल्या दमट हवेत दगा देईल. प्रत्येक जोडावर आधी स्लीव सरकवून ठेवायची आणि मग डाग द्यायचा. डिकोडरला मात्र टेपमध्ये गुंडाळायचं नाही. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये माडीवरचा पत्रा तापतो, त्यात ॲम्प्लिफायरची चिप स्वतः तापते. तिला मोकळी हवा लागते.

कपॅसिटरबद्दलही सांगतो. धुळीमुळं चाकाचा रुळाशी संबंध क्षणभर सुटला तर मोटर फ्लायव्हीलच्या जोरावर ते पचवते, कळतसुद्धा नाही. आवाज पचवत नाही. तो तुटतो, आणि इंजिन रुळावर चालता चालता पुन्हा ‘सुरू’ होतं. एवढ्यानं सगळा रंगाचा बेरंग. म्हणून आवाजाच्या इंजिनाला साठवणीचा कपॅसिटर मी सक्तीचा मानतो.

आता पेटी.

साखरेच्या खड्याएवढे स्पीकर मिळतात, ११ बाय १५ मिलिमीटरचे, मोबाइलच्या जातीचे. त्यांचा पडदा पुढं हवा ढकलतो तेव्हा मागं ओढतो. पुढची आणि मागची लाट एकमेकींच्या बरोबर उलट असते, आणि पेटी नसेल तर दोन्ही कडेवर भेटून एकमेकींना खाऊन टाकतात. खालचे सूर तर आधी जातात. उघडा स्पीकर जोडून बघा, आवाज डासासारखा येतो. तोच स्पीकर मागून बंद पेटीत बसवला की तेवढ्याच करंटवर अंगात येतो. पेटीच्या आत हवा जितकी जास्त तितकं बरं, आणि पेटी कुठंही गळता कामा नये. मी एक मिलिमीटरच्या स्टायरीन पत्र्याची पेटी केली, लाँग हुडच्या, म्हणजे इंजिनाच्या लांब नाकाच्या, टोकाला रेडिएटर असतो त्या जागेत मावेल एवढी, तारा बाहेर येतात ते भोक डिंकानं बंद करून. छतावरच्या रेडिएटरच्या पंख्याची जाळी आंधळी होती, ती कोरून मोकळी केली आणि स्पीकरचं तोंड तिकडं वर केलं. वजनाचा ठोकळा मागून थोडा कापावा लागला. वजनापेक्षा हवा महत्त्वाची, हा माझा निर्णय. माझ्या टेबलावर चढ नाही, हे इंजिन सात डबे आरामात ओढतं.

तरीही खालचा घुमारा येईना. येणारही नव्हता, हिशेब साधा आहे. मशीन फोर-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. आयडलला मिनिटाला ४०० फेरे, १६ सिलिंडर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५३ ठोके. आठव्या नॉचला, म्हणजे थ्रॉटलच्या शेवटच्या पायरीला, हजार फेरे, म्हणजे १३३. एवढ्या खालचे सूर त्या चिमुकल्या पडद्याला झेपतच नाहीत.

मिरजेत सतारमेकर गल्लीत माझे एक जुने गिऱ्हाईक आहेत, त्यांच्या पॉलिशच्या मोटारी माझ्याकडं येतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी मिरजेत सतारी-तंबोरे घडवायला घेतले, ती परंपरा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. मोटर पोचवायला गेलो तेव्हा इंजिन बरोबर होतं. त्यांच्या बाकड्यावर हातभर रूळ टाकून वाजवून दाखवलं. त्यांनी कान जवळ नेला आणि म्हणाले, "मिस्त्री, खर्ज शोधताय होय ह्यात?"

मी म्हटलं, "होय चाचा. पेटी अजून मोठी होत नाही."

"पेटी राहू द्या. हे ऐका."

त्यांनी जवारीला, म्हणजे घोडी घासून नाद खुलवायला, लावलेला एक तंबोरा घेतला. खर्जाची तार छेडली. नुसती, बंद, लाकडासारखी वाजली. मग घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला आणि पुन्हा छेडली. तार तीच, ताण तोच, भोपळा तोच, पण आता त्यातून वरचे सूर एकामागून एक उमलत गेले, आणि गंमत म्हणजे खालचा षड्जसुद्धा आधीपेक्षा भरदार वाटायला लागला. "खालचा वाढवला न्हाई मी," चाचा म्हणाले. "वरचे खुलवले. खालचा कान भरून घेतो."

विज्ञानही हेच सांगतं. एखाद्या सुराचे वरचे अंश, दुप्पट, तिप्पट, चौपट, नीट मांडून कानावर पडले, तर मूळ सूर हजर नसला तरी मेंदू तो जोडून घेतो. माझ्या इंजिनात त्या ५३ चे १०६, १६०, २१३ आणि पुढचे अंश आहेत. घरी येऊन रेकॉर्डिंगमधला दोनशे हर्ट्झच्या (सेकंदाला दोनशे कंपनांच्या) खालचा भाग काढून टाकला. तो स्पीकरला वाजत तर नव्हताच, उगाच पडदा हलवून बाकीचा आवाज फाडत होता. चारशे ते आठशेच्या मधला भाग थोडा उचलला. आवाज एकदम मोकळा झाला आणि इंजिन जड वाटायला लागलं. पेटीचा आकार तोच, डिकोडर तोच.

रेकॉर्डिंग माझी स्वतःची आहेत. तयार आवाज मिळतात, अमेरिकन सहा ॲक्सलच्या अल्कोंचे, आणि मशीन तेच १६ सिलिंडरचं २५१ असल्यानं ते जवळचे असतात. पण आपला हॉर्न वेगळा. लोकसाउंडमध्ये संगणकावरून स्वतःच्या फायली भरता येतात, म्हणून मी मिरज स्टेशनात फलाटाच्या टोकाशी उभा राहून जमवलेल्यातूनच काम केलं. सुटणारी मालगाडी सगळ्यात उपयोगी, कारण ओझ्याखालच्या नॉचचा आवाज आणि उभ्या इंजिनाचा रिकामा आवाज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. अडचण ही, की प्रत्येक नॉच स्थिर असा काही सेकंद तरी हवा असतो, त्याचं टोक त्याच्याच सुरुवातीला जुळवून गोल करावं लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी उद्घोषणा सुरू होते. कितीतरी चांगले तुकडे ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ खाली गेलेत.

तुकडे जुळवून झाल्यावर मामांना बोलावलं. मामा मिरज मुक्कामी ड्रायव्हर होते, आयुष्य अल्कोवर गेलं, आता कानाला यंत्र आहे. ते खुर्चीत बसले, मी थ्रॉटल उघडला. पहिल्या झटक्याला मान हलवली.

"न्हाई रे. लगेच चढतंय हे. अल्को लगेच न्हाई चढत."

"मग कसं, मामा?"

"नॉच दिलास की आधी डिझेल जातंय आत. टर्बोला वारं पकडायला येळ लागतोय. तवर इंजिन दाटतं, काळा धूर टाकतं, आवाज खाली बसतो. मग टर्बो शिट्टी धरतो, मग चढतं. अन् गाडी तर त्याच्याबी नंतर हलणार."

याला म्हणतात ऐकणं. माझ्या फायलींत नॉच एक ते नॉच दोन असा सरळ चढ होता, मधलं दाटणं मी कापून टाकलं होतं, स्वच्छ वाटावं म्हणून. ते तुकडे पुन्हा शोधून प्रत्येक चढाच्या आधी बसवले. टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, शिट्टी वेगळ्या वाहिनीवर घेतली, मशीनच्या मागून अर्ध्या सेकंदानं येईल अशी. डिकोडरच्या सेटिंगचे नंबर दिलेले कप्पे असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. त्यातले सीव्ही ३ आणि सीव्ही ४, म्हणजे वेग धरण्याचा आणि सोडण्याचा काळ, चांगले वाढवले. आता थ्रॉटल उघडला की आधी दाटतं, मग शिट्टी, मग चढ, आणि मग कुठं चाक फिरतं. वेग न वाढवता मशीन वर नेण्याची सोय लोकसाउंडमध्ये आहे, ती एका बटणावर दिली. पुढं चढ आहे असं मानायचं, बटण दाबायचं, इंजिन आठव्या नॉचला राबतं आणि गाडी तीच सावकाश. ज्यांच्या टेबलावर घाट करायला जागा नाही त्यांनी हे जरूर करून बघावं.

पहिली चाचणी नेहमी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडरची सेटिंग करायच्या वेगळ्या रुळावर, करावी. तिथं करंट मर्यादित असतो, जोडणीत काही गफलत असेल तर डिकोडर वाचतो. सीव्ही ८ वाचला आणि १५१ हा कंपनीचा क्रमांक आला, म्हणजे डिकोडर जिवंत आहे आणि बोलतोय. मग सीव्ही १ मध्ये पत्ता, म्हणजे हुकूम कुठल्या इंजिनाला ते ठरवणारा नंबर. मग सीव्ही ५४ शून्य करून पहिल्या फंक्शनचं बटण दाबलं की इंजिन क्षणभर पूर्ण वेगात सुटतं आणि मोटर मोजून घेतं, त्यासाठी पुढं मोकळा रूळ ठेवा.

आणि आवाज कमी करा. हे मी कळकळीनं सांगतो. सीव्ही ६३ मध्ये एकूण आवाज असतो, कमाल १९२. मी साठच्या आसपास ठेवतो. प्रदर्शनांत बघतो, दहा इंजिनं एकाच वेळी पूर्ण आवाजात, आणि एकही ऐकू येत नाही. छोटा स्पीकर जोरात लावला की पडदा पेटीला आपटतो, मग पैसे टाकलेला डिकोडरसुद्धा डबा वाजतो. खरं इंजिन फलाटाच्या दुसऱ्या टोकाला असताना जसं ऐकू येतं, तेवढंच टेबलावर ऐकू यावं. गाडी स्टेशनातून निघून उसाच्या मागं गेली की शिट्टी पातळ व्हावी. मामा त्या आवाजाला यंत्र काढून ठेवतात आणि टेबलाच्या कडेला तळहात टेकवून बसतात. त्यांना लाकडातून नॉच कळतो, आणि सांगितलेला नॉच बरोबर असतो.

आता पुढचं काम मामांनीच लावून दिलंय. मिरज हे ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेजांचं स्टेशन होतं. लातूरकडची नॅरोगेज बार्शी लाइट रेल्वेनं १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आणली, आणि लोंढ्याकडची मीटरगेज नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. त्या मीटरगेजवर वायडीएम-४ चालायचं. तेही अल्कोचंच २५१, पण सहा सिलिंडर, एका रांगेत. आयडलला सेकंदाला वीस ठोके, म्हणजे कानाला जवळजवळ सुटे सुटे ऐकू येणारे, आणि मामा म्हणतात त्या ठोक्याची सर मोठ्याला नाही. १:८७ मध्ये मीटरगेजला १२ मिलिमीटरचा रूळ चालतो, अंग करून द्यायला कारागीर तयार आहे. पेटी अर्ध्याहून लहान होणार, त्यामुळं वरचे अंश कुठवर उचलायचे ते नव्यानं ऐकून ठरवावं लागेल.

माझ्याकडं नाही ते रेकॉर्डिंग. मिरज–बेळगाव–लोंढा मार्गावर मीटरगेज असतानाची कुणाकडं कॅसेट असेल, लग्नाच्या व्हिडिओत मागं वाजलेलं इंजिन असेल, मिरजेच्या फलाटावर कुणी टेप रेकॉर्डर घेऊन उभं राहिलं असेल, तर कृपया कळवा. कॅसेट खरखरती असली तरी चालेल. बुरशी धरलेली टेप साफ करणारा माणूस सांगलीत आहे, खर्च मी करीन आणि मूळ कॅसेट जशीच्या तशी परत देईन. ओझ्याखालचा दुसरा आणि तिसरा नॉच मिळाला तर फार बरं, बाकीचं मामा सांगतील.